पाकिटात फक्त कागदच जाऊ देत

तुम्ही विचारलंय की महिनाभरात मुंबईहून जर्मनीला निघताय, डिग्री-मार्कशीटचे काही कागद घरचे मागाहून पोस्टाने पाठवतील, तर कस्टमचा फॉर्म भरावा लागेल का आणि त्यात किंमत काय टाकायची.

नुसती कागदपत्रं असतील तर ड्यूटी लागत नाही, आणि साध्या टपालात सहसा फॉर्मही लागत नाही. टपालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डॉक्युमेंट आणि माल असे दोन कप्पे आहेत. पेन ड्राइव्ह, डिग्रीची फ्रेम, चिमूटभर गोडा मसाला, यातलं काहीही आत गेलं की अख्खं पाकीट मालाच्या कप्प्यात पडतं. मग 300 एसडीआरपर्यंतच्या (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) किमतीला सीएन22 हा कस्टमचा छोटा फॉर्म, त्यापुढे सीएन23 हा मोठा. शिवाय 15 मार्च 2021 पासून युरोपात जाणाऱ्या मालाची माहिती टपाल पोचण्याआधीच कॉम्प्युटरवरून पाठवावी लागते.

हे मी ठेच लागून शिकले. माझा जन्मदाखला आईने दादरहून पाठवला आणि आत माझ्या नकळत शकुनाचं पाकीट सरकवलं: शंभराची नोट, वर चिकटवलेला रुपया. लिफाफा तीन आठवडे अडकला, मग कस्टममध्ये येऊन जा अशी चिठ्ठी आली. तिथल्या बाईंनी माझ्यासमोरच कटरने लिफाफा उघडला, रुपया उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, हे नाणं संग्रहासाठी आहे का? मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये 'शकुन' समजावताना माझी दमछाक झाली. पैसे काही लागले नाहीत, पण अर्धा दिवस गेला. नोटा-नाणी साध्या टपालात घालायची नसतातच, हे आईला आजही पटलेलं नाही.

फॉर्म भरायची वेळ आलीच तर नुसतं 'डॉक्युमेंट्स' लिहू नका. इंग्रजीत स्पष्ट लिहा: पदवी प्रमाणपत्राची प्रत एक, मार्कशीट सहा, वैयक्तिक वापरासाठी, व्यापारी किंमत नाही. डुप्लिकेट काढायला जो खर्च येईल, तो किंमत म्हणून लिहायचा मोह टाळा. मसाला पाठवायचाच असेल तर वेगळं पार्सल करा. खासगी भेटवस्तूला इथे जर्मनीत 45 युरोपर्यंत सूट आहे.

मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसहून घेतलेली ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) सीलबंद असेल तर ते सील तसंच राहू द्या. काउंटरवर आत काय आहे ते दाखवायला सांगतात, म्हणून सीलबंद पाकीट मोठ्या लिफाफ्यात ठेवा आणि तो लिफाफा तिथेच, त्यांच्यासमोर चिकटवा. घरच्यांना सीएसएमटीजवळच्या जीपीओत जाणं सोयीचं असेल तर तिथून, नाहीतर जवळच्या मोठ्या पोस्टातून इंटरनॅशनल स्पीड पोस्ट करू देत. पावतीवरचा 13 अक्षरी नंबर, शेवटी 'आयएन' असलेला, लगेच फोटो काढून मागवून घ्या. कुरिअरवाले पाठवणाऱ्याचं आधार किंवा पासपोर्ट मागतात, तेव्हा बाबांना त्याची झेरॉक्स घेऊन जायला सांगा.

मूळ डिग्री मात्र पोस्टात टाकूच नका, विमानात हातातल्या बॅगेत ठेवा.

आणि एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. इथे पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पत्रपेटीवरचं नाव बघतो. कुणाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल तर पत्त्यात त्यांचं नावही घाला आणि पेटीवर तुमच्या नावाची पट्टी चिकटवल्याशिवाय घरच्यांना पोस्टात पाठवू नका.