मोठ्या भावाची अशी कोणती आठवण आहे, जी आजही मनातून जात नाही?

"डोळं मीट."

आण्णाचा विचार आला की पहिल्यांदा हे दोन शब्दच ऐकू येतात.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की भाऊ जाऊन वर्ष झालं, पण आठवायला बसलं की नुसता दवाखानाच डोळ्यांपुढं येतो. माझंही सुरुवातीला तसंच झालं होतं. सलाईन, ते हिरवे पडदे, त्याचे सुजलेले पाय. काही महिने गेले आणि मग एके दिवशी १९७२चा दुष्काळ आठवला.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या अलीकडं. मी नऊ वर्षांचा, आण्णा पंधराचा. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. वडिलांनी एक बैल विकला, दुसरा छावणीत नेऊन बांधला. आण्णानं नववीची पुस्तकं फळीवर ठेवली आणि सरकारनं काढलेल्या दुष्काळी कामावर नाव घातलं. मुकादमाला वय अठरा सांगितलं. १९७३च्या मे महिन्यात राज्यभरात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं राबत होती, त्यात आमचा आण्णा.

रस्त्यासाठी खडी फोडायची. दगड पुढ्यात घ्यायचा, भोवती जुन्या टायरचं कडं धरायचं आणि वर हातोडी. कडं असलं तरी कपच्या उडायच्याच. शाळा सुटली की मी त्याला पाणी घेऊन जायचो आणि तिथंच शेजारी बसून राहायचो. तो मला हाकलायचा नाही. घाव घालायच्या आधी म्हणायचा, "डोळं मीट." मी मिटायचो. ठण्ण. "उघड." परत दगड, परत "डोळं मीट." एका संध्याकाळी असं किती वेळा व्हायचं याला हिशेब नाही, पण एकदाही तो सांगायचा विसरला नाही. त्याला स्वतःला डोळे मिटून कसं चालेल? त्याच्या उजव्या भुवईत एक कपची घुसली, तेवढ्या जागी पुन्हा केस आले नाहीत.

खडीची मोजणी ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटाला एक ब्रास. मोजायला माणूस यायचा त्या दिवशी आण्णा सकाळपासून ढिगाच्या कडा हातानं सारख्या करत बसायचा.

लोक म्हणतात, बाहत्तरला पाणी होतं, धान्य नव्हतं. आमच्याकडं दोन्हीची ओढ होती. रेशनवर मिलो मिळायची, ती लाल ज्वारी. भाकरी थापतानाच चिरायची, गार झाली की दातानं तुटायची नाही. त्यामुळं कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड खाऊ, आम्हाला सणच. आण्णा त्याच्या वाट्याची रुमालात बांधून आणायचा आणि आजीला, बहिणीला, मला वाटून द्यायचा. "मला गोड आवडत नाही," म्हणायचा. मी ते खरं धरून चाललो. फार फार वर्षांनी नातीची अंगणवाडीतली सुकडी त्यानं वाटी बोटानं पुसून खाल्ली, तेव्हा मी तिथं होतो. मला उठून बाहेर जावं लागलं.

पाऊस झाल्यावर तो पुन्हा नववीत जाऊन बसला. बरोबरची पोरं एक यत्ता पुढं गेलेली. ते त्याला लागलं होतं, बोलला नाही तरी दिसायचं. पण तेव्हाच जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली. १९७५ साली जुन्या अकरावीची मुलं आणि नव्या दहावीची पहिली तुकडी, दोघांची परीक्षा एकाच वर्षी झाली. म्हणजे आण्णा आणि त्याचे जुने दोस्त बरोबरच पास झाले! निकालाच्या दिवशी तो वाड्यात उभा राहून वडिलांना म्हणाला, "दुष्काळानं नेलेलं वर्ष परत आलं की हो." वडिलांनी टोपी काढून डोळे पुसले. घरात एवढा आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

पुढं तो एसटीत कंडक्टर झाला. मागेल त्याला काम देणारा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, तेव्हा दुष्काळी कामावरच्या दोस्तांना सांगत होता, "आपली खडी कायद्यात गेली बघा." त्या रस्त्यावर पुढं डांबर पडलं, रुंदीकरण झालं, आमच्या खडीतलं आता वर काही दिसत नाही. तरी ओढ्याच्या वळणावर गाडी आली की आण्णा माझ्या खांद्याला हात लावायचा. "हितली आपली." लग्नाचं वऱ्हाड असो, बाजार असो, मयत असो, ते वळण त्यानं कधी चुकवलं नाही. साताऱ्याला शेवटचं नेलं तेव्हा तो ग्लानीत होता. वळणावर मीच त्याच्या खांद्याला हात लावला.

त्याला जाऊन आता तीन वर्षं होतील. गेल्या महिन्यात पुतण्याच्या गाडीतून गावी गेलो. मी काही बोललो नव्हतो, पण ओढ्याच्या वळणावर त्यानं आपणहून गाडी हळू केली.