आंबा अढीत नासतो, पण रोग मोहोरातच लागलेला असतो

प्रश्न (आजरा, भुदरगड, शाहूवाडीतील काही बागायतदार): हापूस झाडावर स्वच्छ दिसतो. अढीत, म्हणजे गवतात पिकायला घातला की पाच-सहा दिवसांत काळे डाग पडतात, देठाकडून फळ नासतं. दुकानदार म्हणतो, काढणीच्या आठवडाभर आधी दोन बुरशीनाशकं आणि टॉनिक एकत्र मारा. मारावं का?

उत्तर: मारू नका. काळे डाग करपा या बुरशीच्या रोगाचे आहेत. ही बुरशी मोहोरात आणि कोवळ्या फळात शिरते आणि फळ पिकेपर्यंत सालीत गप्प बसते. मे महिन्यात कितीही औषध ओतलं तरी आत बसलेला रोग निघत नाही. औषधाचा अंश मात्र फळावर राहतो आणि तो तुमच्याच घरातली पोरं खातात.

फवारणीची वेळ मोहोर ते फळ गोटीएवढं होईपर्यंत. ढगाळ हवा, धुकं किंवा दव असेल तर कार्बेन्डाझिम 50 टक्के भुकटी लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 15 ग्रॅम. दुकानदार 'हवामान खराब आहे, दुप्पट घ्या' म्हणेल. घेऊ नका. दुप्पट मात्रेनं रोग दुप्पट मरत नाही, आणि तेच औषध सारखं मारलं की बुरशी त्याला दाद देईनाशी होते. दुसऱ्या वेळेला वेगळ्या गटातलं, म्हणजे वेगळ्या प्रकारे काम करणारं औषध घ्या. डब्यावर काढणीपूर्व थांबण्याचे दिवस छापलेले असतात, ते वाचा. आणि काहीही झालं तरी काढणीआधीच्या शेवटच्या पंधरा दिवसांत पंप खांद्यावर घेऊ नका. वळीव झाला म्हणून घाबरून तर मुळीच नको. टॉनिक, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य), कीटकनाशक एका टाकीत कालवणंही बंद करा. अशा बागांत सालीवर चट्टे उठलेले मी बऱ्याचदा पाहिलेत.

देठाकडची कूज वेगळी. तिचं घर झाडावरच्या वाळक्या काड्यांत असतं. काढणी संपली की त्या काड्या छाटा, बागेबाहेर नेऊन जाळा आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. छाटणी चुकवलेल्या बागेत औषधाचा खर्च वाया जातो.

माझा खरा आग्रह कागदी पिशवीचा आहे. फळ गोटी ते अंड्याएवढं असताना 25 बाय 20 सेंमीची वर्तमानपत्राची पिशवी घाला, फवारणी पूर्ण वाळल्यावरच. घरातल्या माणसांना ती रद्दीतून शिवता येते. डाग कमी, फळमाशी कमी, साका (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होणं) कमी. सगळं झाड जमत नसेल तर हाताला येणाऱ्या खालच्या फांद्यांपासून सुरू करा.

काढताना झेला (काठीला जाळी लावलेलं आंबे काढायचं साधन) वापरा, बोटभर देठ ठेवा. देठ तुटून चीक वाहिला की कुजीला वाट मोकळी. फळ मातीवर टेकवू नका.

अनुदान: भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना नव्या लागवडीसाठी आहे, फवारणीसाठी नाही. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, बाकी चौकशी तालुका कृषी कार्यालयात.