जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट टाकल्यापासून एचपीचा लेझरजेट १०२० प्रिंटर रोज सकाळी का रुसतो?

विंडोजच्या जागी मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली त्या दिवशी दोन पानं निघाली, दुसऱ्या दिवसापासून प्रिंटर गप्प, रांगेत मात्र काम 'पूर्ण' दिसतं. ड्रायव्हर चुकलाय का, असं तुम्ही विचारलंय.

ड्रायव्हरचा दोष नाही. १०२० ला स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला आतून चालवणारा प्रोग्रॅम, कायमचं जपून ठेवता येत नाही. स्विच बंद केला की पाटी कोरी. चालू झाल्यावर दर वेळी कॉम्प्युटरनं ते पुन्हा भरवावं लागतं. पहिल्या दिवशी विंडोजनं सकाळी भरवलेलं असणार, तुम्ही प्रिंटर बंद न करता मिंट टाकलंत आणि त्याच शिदोरीवर ती दोन पानं निघाली. हे फर्मवेअर मुक्त परवान्याचं नाही, म्हणून मिंटसोबत ते येत नाही.

माझं राजारामपुरीत झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. याच मॉडेलपायी मी अख्खी दुपार घालवली: ड्रायव्हर काढ, टाक, परत काढ. मधेमधे वैतागून प्रिंट दाबत होतो. शेवटी सुरू झाला तेव्हा एकाच सातबाऱ्याच्या अकरा प्रती बाहेर. गिऱ्हाईक म्हणालं, "भावा, मला एकच पाहिजे होता." म्हणून आधी रांग रिकामी करा. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ६३१ (localhost:631) असं टाकलं की कप्सचं, म्हणजे लिनक्समध्ये छपाई सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं, पान उघडतं. तिथं अडकलेली कामं रद्द करा आणि आपोआप जोडला गेलेला प्रिंटरही काढून टाका. 'पॉज्ड' दिसत असेल तर तेही याच पानावर सुटतं.

मग टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, 'एलएसयूएसबी' (lsusb) चालवा, यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी येते. यादीत प्रिंटरचं नाव नसेल तर पुढं जाऊच नका, वायर कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. जुन्या कॅबिनेटचे पुढचे पोर्ट ढिले झालेले असतात.

नाव दिसलं की 'एचपी-प्लगइन' (hp-plugin) चालवा, मधली आडवी रेघ विसरू नका. मिंटमध्ये एचपीचं एचपीएलआयपी (HPLIP) हे प्रिंटर चालवायचं पॅकेज बहुधा आधीपासून असतं, नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. प्लगइनमध्येच ते फर्मवेअर असतं. ते नेटवरून उतरतं, परवाना मान्य करायला लावतं आणि पासवर्ड मागतं. ते झालं की 'एचपी-सेटअप'नं (hp-setup) प्रिंटर नव्यानं जोडा. आता प्रिंटरचा स्विच बंद करून चालू करा. आतले रोलर घर्रकन फिरले की समजायचं, फर्मवेअर पोटात गेलं.

एक खोच आहे. प्लगइनची आवृत्ती एचपीएलआयपीच्या आवृत्तीशी जुळावी लागते. अपडेटमध्ये पॅकेज वर सरकलं की प्लगइन जुनं पडतं आणि पुन्हा तेच रडगाणं. तेव्हा फक्त 'एचपी-प्लगइन' परत चालवायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही.

कागद ए४ आहे का तेही बघा. सेटिंग लेटरवर राहिलं तर पान १८ मिलिमीटरनं आखूड धरलं जातं. सातबाऱ्याच्या तळाच्या ओळी गेल्या तर दुकानात भांडण ठरलेलं.

आमच्याकडं पावसाळ्यात लाईट जाते-येते. आल्यावर दुकानातलं पोरगं आधी कॉम्प्युटर पूर्ण चालू होऊ देतं, मग प्रिंटरचा स्विच दाबतं. घर्र आवाज आला नाही तर 'एचपी-फर्मवेअर' (hp-firmware) चालवून ते हातानं भरवतं, आणि मगच गिऱ्हाइकाकडून पेनड्राइव्ह घेतं.