टिक मारायच्या आधी

अरे गड्या, मृगाच्या तोंडावर बियाण्याच्या कंपनीत हंगामी पोरं भरतात, आन् पहिल्याच दिवशी सगळ्यांना सगळं देऊन टाकावंसं वाटते. तसं करू नको. सेल्सफोर्समधी, म्हणजे आपलं गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, माणसामागं युजर लायसन्स, म्हणजे आत शिरायचा परवाना, एकच असते. फीचर लायसन्स, म्हणजे एखाद्या जास्तीच्या सोयीचा परवाना, मात्र एकाला दोन-तीनही देता येतात. तिथंच हात सैल सुटतो. युजरच्या पानावर 'मार्केटिंग युजर', 'नॉलेज युजर' असे चौकोन आहेत, टिक मारली की एक खर्ची पडलं. यवतमाळकडं बांधावर फिरून शेतकऱ्यांच्या भेटी नोंदवणाऱ्या पोराला कॅम्पेन, म्हणजे जाहिरातीची मोहीम, बनवायचं असते काय? मग ती 'मार्केटिंग युजर'ची टिक कायले? आधी 'कंपनी इन्फर्मेशन'चं पान उघड. एकूण किती, वापरात किती, शिल्लक किती, ते पाय.

दिवाळीनंतर पोरं गेली की माझ्यासारखं करू नको बाप्पा. मी खाती नुसती फ्रीझ केली होती. त्यानं लॉगिन बंद होते, लायसन्स मोकळं होत नाही. पुढच्या हंगामात साहेब विचारे, एवढी लायसन्स गेली कुठं? डीॲक्टिव्हेटच कर, म्हणजे खातं निष्क्रिय कर, तवाच लायसन्स मोकळं होते. पोरगा लीड (होऊ घातलेलं गिऱ्हाईक) वाटपाच्या नियमात अडकला असला तर ते होत नाही. नियमातून नाव काढेपर्यंत फ्रीझ चालते. डिलीटचं बटन शोधत बसू नको, ते नाहीच.