पुलाखालचा ट्रोल आणि आपला बकासुर

प्रश्न : सर, एरंडोलजवळ हायवेला माझं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. अमेरिकेत सिएटलला असलेल्या पुतण्यानं फोटो पाठवला : पुलाखाली बसलेला अवाढव्य राक्षस, मुठीत मोटार. हा कोण? असाच फायबरचा करून हॉटेलापुढे बसवायचं मनात आहे. – एक वाचक, एरंडोल

उत्तर : भाऊ, तो ट्रोल. नॉर्वेच्या लोककथांतला. तीन बोकडांची वाट अडवणारा पुलाखालचा ट्रोल तिकडच्या पोरांना पाठ असतो. ऊन लागलं की ट्रोलचा दगड होतो म्हणतात, म्हणून तो सावली सोडत नाही. सिएटलच्या फ्रीमाँट भागात अरोरा पुलाखाली कचरा साचायचा. तिथल्या कलामंडळानं स्पर्धा घेतली आणि चार कलाकारांनी 1990 मध्ये हा उभा केला. उंची 18 फूट, आत सळया नि जाळी, वर सिमेंट. मुठीतली फोक्सवॅगन बीटल खरीखुरी. पोरं थेट त्याच्या डोक्यावर चढतात, कुणी हटकत नाही. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

पण तुम्ही ट्रोल कशाला करता? एरंडोल म्हणजे एकचक्रानगरी, भीमानं बकासुराला मारलं ते गाव, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. चित्रकला शिकवायचो तेव्हा पद्मालयाच्या सहलीत मी पोरांना भीमकुंडाजवळ बसवून बकासुर काढायला लावायचो. गाडाभर भात, दोन रेडे आणि वर एक माणूस, एवढी त्याची भूक. एका पोरानं गाड्यात भात न काढता भरीत आणि कळण्याच्या भाकरी रचल्या होत्या. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. तुमच्या हॉटेलापुढे हाच बसला पाहिजे.

फायबर नको. आपल्या उन्हात त्याचा रंग उडतो आणि चढणाऱ्या पोरांच्या वजनानं ते तडकतं. सळई, जाळी, सिमेंटच घ्या. गावातला गवंडी आणि गणपती घडवणारा मूर्तिकार, दोघांना एकत्र बसवा. मुठीत मोटारीऐवजी खरी बैलगाडी द्या. कुणाच्यातरी खळ्यात मोडकी पडलेली असेलच.

जागा मात्र नीट बघा. हायवेच्या हद्दीत नको, गाड्या वळून थांबतील एवढं आत. आणि कडुनिंबाखालीच. मे महिन्यात उघड्यावरचं सिमेंट असं तापतं की पोरांचे पाय भाजतील. ट्रोलसारखी यालाही सावली हवीच.

पोट सुटलेलं ठेवा, मांडी सपाट. चार पोरं एकदम बसली पाहिजेत. आधी कागदावर काढून मला पाठवा, दात मी बघून देतो.