धंद्याचं व्हॉट्सॲप वेगळं ठेवा

ताई, नौपाड्यात फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या तर आधी दुसरं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. घरच्याच नंबरवर धंदा केला की नातेवाइकांचे निरोप आणि चकलीच्या ऑर्डरी एका रांगेत येतात, आणि एखादी ऑर्डर हमखास सुटते.

नवखे फसतात ते ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत. एका यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज जातच नाही. तुम्हाला वाटतं, गिऱ्हाईक उत्तर देत नाही. म्हणून पहिल्या डब्यावरच चिठ्ठी चिकटवा: ‘हा नंबर सेव्ह करा, दिवाळीचे दर यावरच येतील.’ न विचारता कुणाला ग्रुपमध्ये मात्र ओढू नका. लोक वैतागून ब्लॉक करतात, आणि तक्रारी वाढल्या तर नंबरच बंद होऊ शकतो.

कॅटलॉगमध्ये, म्हणजे ॲपमधल्या तुमच्या मालाच्या यादीत, नुसतं ‘चकली’ लिहू नका. ‘भाजणीची चकली, पाव किलो’, भाव, किती दिवस टिकते, सगळं द्या. तेच प्रश्न वीसदा येत नाहीत. फोटो खिडकीच्या उजेडात काढा. ज्यांचे पैसे यायचेत त्यांच्या चॅटला ‘पैसे बाकी’ हे लेबल, म्हणजे खूणचिठ्ठी, लावा आणि ते रोज रात्री उघडून बघाच.

मदतीला येणाऱ्या बायकांचा ग्रुप निराळा हवा. मोहन (पिठात घालायचं गरम तेल) जास्त झालं की चकली तेलात कशी विरघळते, याचा 40 सेकंदांचा व्हिडिओ लांबलचक मेसेजपेक्षा जास्त शिकवतो. तो पिन करा, म्हणजे ग्रुपमध्ये सगळ्यात वर दिसेल. पिन जास्तीत जास्त 30 दिवस राहते, मग पुन्हा करायची.