घरातले वेब्ली मूळ स्थितीत आहे का?

प्रश्न : आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. आजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांचे वेब्ली रिव्हॉल्व्हर आता वडिलांच्या परवान्यावर असून परवान्यात .४५५ बोअरची नोंद आहे. मूठ चौकोनी बुडाची आहे, नळी जेमतेम चार इंच भरते आणि सगळीकडे चकचकीत निकेल आहे. त्यात .४५ पिस्तुलाची काडतुसेही चालतील, असे एका परिचितांनी सांगितले. हे शस्त्र मूळचेच आहे का?

उत्तर : नुसत्या लांबीवरून निष्कर्ष काढू नये, कारण १९१३ च्या मार्क पाचला (मार्क म्हणजे वेब्लीची क्रमांकित आवृत्ती) चार इंची नळी मूळचीच होती. सहा इंची नळी आणि चौकोनी बुडाची मूठ आली ती १९१५ मध्ये स्वीकारलेल्या मार्क सहाबरोबर. म्हणून वरच्या पट्टीवर डाव्या बाजूला कोरलेला मार्क आधी वाचावा. तेथे सहा असेल, तर आपली नळी नंतर कापलेली आहे. मग पुढची माशी, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेला उंचवटा, नीट पाहावी. तिच्या बुडाशी झाळकामाची रेघ दिसली, तर ती कापल्यानंतर पुन्हा बसवलेली असते. निकेल लष्करी नव्हेच. मुलाम्याआधी घासकाम झाले असेल, तर कोरीव अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या दिसतात.

मला खरी काळजी वाटते ती सिलिंडरची. .४५ चे बिनकडेचे काडतूस अर्धचंद्राकृती पत्र्याच्या क्लिपसह बसावे म्हणून अनेक मार्क सहांच्या सिलिंडरची मागची बाजू लेथवर तासली गेली आहे. रिकामे, खात्रीने रिकामे शस्त्र बंद करून उजेडाकडे धरावे: सिलिंडरची पाठ आणि सांगाडा यांत ठळक फट दिसते का, मागच्या पृष्ठावर लेथच्या बारीक वर्तुळाकार रेघा आहेत का, हे पाहावे. तसे असल्यास .४५५ चे काडतूस त्यात सैल बसेल. उलट .४५ चे काडतूस नीट बसेल खरे, पण त्याचा दाब मूळ .४५५ च्या सुमारे दीडपट असतो आणि शंभर वर्षांच्या पोलादावर तो भार टाकणे धोक्याचे आहे. आपल्या परिचितांचा सल्ला कृपया मानू नये.

सांगाडा, नळी आणि सिलिंडर यांवरील क्रमांक जुळवून पाहावेत. दोन बाण टोकाला टोक भिडवून कोरलेले असतील, तर शस्त्र लष्करातून रीतसर विकले गेल्याची ती खूण आहे. क्रमांक खरवडलेला आढळला, तर मात्र विलंब करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार, ज्याच्या ताब्यात असे शस्त्र सापडते त्यानेच ती खूण पुसली असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. अशा वेळी वडिलांनी परवाना आणि वारसाहक्काची कागदपत्रे घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्र शाखेत लेखी माहिती द्यावी, आणि परवानाधारक शस्त्रकारागिराने तपासेपर्यंत त्यात कोणतेही काडतूस घालू नये.